कवळीकाकांचा दुसरा गाल

थोबाडीत बसली की माणूस आधी गाल चोळत नाही, आधी कोणी बघितलं का ते बघतो. हे कवळीकाकांना उभ्या आयुष्यात माहीत नव्हतं. ते त्यांना कळलं भर दुपारी, वाहत्या रस्त्यावर, स्वतःच्या, कवळ्या बनवायच्या कामाच्या जागेच्या दारात. हातात तयार कवळीची डबी होती. कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे पोचवायची होती, कारण तिथे एक म्हातारी बिनदातांची ताटकळत बसली होती. दाराला अगदी खेटून कुणीतरी स्कूटर आडवी लावलेली, तिच्यावर घरपोच सामानाची मोठी पेटी बांधलेली, आणि शेजारी तो, सामान पोचवणारा तरुण, फोनवर कुणाशी तरी कडाकडा भांडत उभा. काका म्हणाले, "जरा बाजूला घेता का?" त्याला ऐकू गेलं नाही. काका पुन्हा म्हणाले आणि त्याच्या कोपराला हात लावला. बस, एवढंच. हात लावला म्हणजे काय, बोट टेकवलं. आणि काडकन आवाज झाला. आवाज कुठून आला हेच आधी कळेना, मग डाव्या गालातून कानात काहीतरी उकळतं ओतल्यासारखं झालं, आणि काकांनी मान फिरवली. कशासाठी? तर बघायला, की कोण कोण बघतंय. पानाफुलांचं दुकान, बाकावर टेकलेली दोन माणसं, पिशव्या घेऊन थबकलेली एक बाई, सगळ्यांच्या तोंडांवरून त्यांची नजर भिरभिरली. कुणीतरी 'अरे' म्हणेल, नुसतं 'अरे', एवढीच अपेक्षा. कुणी म्हणालं नाही. मान फिरवल्यामुळे उजवा गाल आयता पुढे आला होता. त्याच्यावर दुसरी बसली. मग काका हसले. म्हणजे ओशाळं, दात विचकल्यासारखं, माणूस चारचौघांत पाय घसरून आपटला की उठताना हसतो ना, तसं. तरुणाने त्यांच्याकडे असं काही बघितलं की जणू त्यालाच कुणी मारलंय, आणि स्कूटर घेऊन तो पळाला. डबी हातात शाबूत होती. काका सरळ जाऊन ती पोचवून आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाल लाल का?" ते म्हणाले, "उन्हाने."

नंतर मात्र ते कामाच्या टेबलाशी बसले तर हात चालेना. समोर मेणाच्या हिरड्या, प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायची ज्योत तशीच जळतेय, आणि हे आपले बसलेत. अंग थरथरत होतं का, तर नाही. राग आला होता का, तर तोही धड नाही. नुसतं आत सगळं सुन्न. माणसाचा जबडा कसा मिटतो, कसा उघडतो, गालाचं मांस आतून दाताला कुठे लागतं, हे रोज हाताळणारा माणूस, पण स्वतःचा गाल आतून चाचपताना जिभेला तो परक्याचा वाटायला लागला. या गालाला इतकी वर्षं दाढीचं पातं लागलं होतं, नातवंडांच्या ओल्या पाप्या लागल्या होत्या, तापात बायकोने पालथा हात लावून बघितला होता. मार शेवटचा बसला होता तो लहानपणी, वडिलांचा. चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत हसला म्हणून. सगळी मंडळी गुडघ्यावर, आणि पुढच्या रांगेतल्या एका जाड्या काकांच्या पोटातून गुरगुर आवाज आला, तर हा फिस्सकन हसला. घरी आल्यावर वडिलांनी एकच ठेवून दिली आणि म्हणाले, देवासमोर हसतोस? तेव्हा काय वाटलं होतं? दुखलं होतं की नाही हेही आता आठवत नव्हतं. आठवत होता तो आईचा चेहरा. ती तिथेच उभी होती, हातात ओलं फडकं, आणि काहीच म्हणाली नव्हती. आजही रस्त्यावर कुणी काहीच म्हणालं नाही. एवढी माणसं, आणि एकालाही तोंड नाही! काकांच्या मनात आलं, खरी थोबाडीत तर तीच. मग त्यांनी ज्योत विझवली आणि ते लवकर घरी गेले, आणि काकूंना काहीएक बोलले नाहीत.

बोलायची गरजच पडली नाही. बाकावर टेकलेल्या त्या दोघांमागे काकांच्या चर्चमधली, मंडळीच्या गायनात गाणारी एक मुलगी उभी होती. तिने फोन वर धरला होता. मदतीला धावावं असं तिला सुचलं नाही, चित्रण करावं असं सुचलं. हल्लीचं सगळ्यांचं तेच झालंय. पण त्या चित्रात जे दिसलं त्याने संध्याकाळपर्यंत अख्खी मंडळी हादरली. एक पांढऱ्या केसांचा, वाकलेल्या खांद्यांचा माणूस. त्याला थोबाडीत बसते. तो ओरडत नाही, हात उगारत नाही. तो शांतपणे, अगदी सावकाश, मान वळवून, येशूने सांगितलं तसा, दुसरा गाल पुढे करतो. तिथेही बसते. आणि तो हसतो. कसं हसतो म्हणता! गायनातल्या त्या मुलीने खाली लिहिलं होतं की अंधारात दिवा लावल्यासारखं हसले काका. बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. नुसत्या मंडळीतल्या लोकांच्या नव्हे, ज्यांनी कधी प्रार्थनामंदिराची पायरी चढली नव्हती तेही म्हणायला लागले, असे लोक आहेत अजून?

आता मंडळीवर हा एवढा परिणाम का झाला, त्यालाही कारण होतं. गेली कित्येक वर्षं मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, उपदेशात एकच सांगत आले होते की काळ नासला. आणि खोटं नव्हतं ते. मुलगा आईला घराबाहेर काढत होता, माणूस रस्त्यात पडला तर लोक त्याला वळसा घालून जात होते, शाळेतली पोरं बाईंना रडवून त्याचं चित्रण करत होती. रविवारी सगळ्यांनी माना डोलवायच्या, चहा प्यायचा, घरी जायचं. शेवटी पाळकच वैतागले. एके दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून जग किती वाईट आहे यावर मी एक अक्षर बोलणार नाही. दर रविवारी तुमच्यातलं एक जण उठेल आणि आठवडाभरात विश्वासाने काय केलं त्याची साक्ष देईल. काय मानता ते नको. काय केलंत ते." सगळ्यांची दातखीळ बसली. साक्षी सुरू झाल्या खऱ्या, पण काय त्या साक्षी! एकाने सांगितलं, मी रांगेत मध्ये घुसलो नाही. एक बाई म्हणाल्या, शेजारणीशी भांडण होणार होतं पण तीच गावाला गेली. एकदा तर कुणी उठलंच नाही, आणि पाळक नुसते उभे, चष्मा पुसत. काका त्या दिवशी मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते, शाळेत पाठांतर न झालेल्या पोरासारखे. असल्या कोरड्या दुष्काळात ते चित्र येऊन पडलं. मंडळी त्याच्यावर तुटून पडली यात नवल ते काय!

पाळक दुसऱ्याच दिवशी कामाच्या जागी आले. बसायला स्टूल दिलं तर बसेनात, जबड्यांच्या फळीपाशी उभे राहून काकांकडे बघत राहिले. म्हणाले, "काका, मला वाटायला लागलं होतं, आपण नुसती गाणी म्हणतो." आणि त्यांचे डोळे भरून आले. काकांना इतकं अवघडल्यासारखं झालं की काय करावं सुचेना. ते म्हणाले, "साहेब, ते तसं नव्हतं हो. मी आपला..." पाळकांनी त्यांचा हात धरला. "तुम्ही हेच म्हणणार. मला ठाऊक होतं तुम्ही हेच म्हणणार." "नाही, खरंच, मी बघत होतो की..." "काका, पुरे. नम्रता तरी किती असावी माणसाने!" म्हणजे झालं काय, की काकांनी जितकं नाही म्हणावं तितके ते मोठे होत चालले. खरं बोलायला तोंड उघडलं की त्याची नम्रता व्हायची, आणि गप्प बसलं की त्याची शांती व्हायची. फोनवर, जिन्यात, रस्त्यात, सगळीकडे तेच. ज्या बाकावरच्या माणसांनी हूं की चूं केलं नव्हतं ती आता उठून नमस्कार करायला लागली. रविवारी साक्ष काकांचीच ठरली. पाळकांनी गायनाची गाणीसुद्धा त्या हिशेबाने बदलली.

आणि काकू. काकूंचं तर सगळ्यात अवघड. लग्न झाल्यापासून ही बाई नवऱ्याला पुरती ओळखून होती. घरमालकाने आवाज चढवला की काका आतल्या खोलीत जायचे आणि काकू बाहेर जाऊन भांडायच्या. दुकानदाराने नासका माल दिला तर परत न्यायच्या काकूच. "दुसऱ्यांच्या तोंडात दात घालण्यापुरतंच तुमचं बळ," असं त्या चिडल्या की म्हणायच्या, आणि काका हसायचे. चित्र बघितल्यावर त्या रडल्या, त्या मेल्याला शिव्या घातल्या, गालाला शेक दिला. मग जेवताना त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "अहो, एक सांगू? रागावू नका. इतकी वर्षं मी तुम्हाला भित्रे समजत होते." काकांचा घास हातातच राहिला. त्यांना म्हणायचं होतं, अगं बाई, बरोबर समजत होतीस. पण काकूंनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर त्यांच्या वाट्याला लग्नातसुद्धा आली नव्हती. तेव्हा त्या खाली बघत होत्या. आता या वयात, भाजीची वाटी पुढे सरकवताना, ही बाई त्यांच्याकडे मान वर करून बघत होती. काकांनी तो घास गिळला. त्या दिवसापासून त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटायला लागलं, आणि गंमत अशी की ते एक शब्दही खोटं बोलले नव्हते. ते रोज ते चित्र एकटे असताना बघायचे. पुन्हा पुन्हा. तो हसणारा माणूस ते स्वतः होते आणि नव्हते. कधीकधी वाटायचं, न जाणो, आत कुठेतरी खरंच तसं असेल. मान आपोआप वळली, ती कुणी वळवली असेल? पण मग त्यांना ते क्षणभराचं भिरभिरणं आठवायचं, तोंडावरून तोंडावर, भिकाऱ्यासारखं, आणि ते फोन पालथा घालून ठेवायचे.

शनिवारी दुपारी ते एका कवळीला घासून चकाकी देत होते. यंत्राचा आवाज थांबवला तेव्हा दारात कुणी उभं असल्याचं कळलं. तोच. हेल्मेट हातात. काकांचा हात नकळत गालाकडे गेला. तरुण म्हणाला, "काका, ओळखलंत?" न ओळखायला काय झालं! पण काका म्हणाले, "या." त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला आणि नवल वाटलं, किती मऊ येतोय. तो आत आला, स्टुलावर बसला, पुन्हा उठला. फळीवरचे जबडे बघून एकदम ओशाळला. म्हणाला, "मी उद्या येतोय तुमच्या प्रार्थनेला. पाळकांनी बोलावलंय. मी त्यांच्याकडे गेलो होतो माफी मागायला, ते म्हणाले उद्या या, काकांच्या शेजारी उभे राहा. पण म्हटलं आधी तुमच्याकडे यावं." काका म्हणाले, "झालं ते झालं." "झालं ते झालं नाही ना काका," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत नाही. मी घरी हात उचलतो. उचलायचो. बायकोवर. दारू नाही, काही नाही, नुसता राग. बाहेर कुणी बोललं की घरी जाऊन... तुम्हाला मारलं तेव्हा मला वाटलं तुम्ही ओरडाल, लोक धावतील. आणि तुम्ही गाल पुढे केला. हसलात. त्या दिवसापासून मी तिला बोट लावलेलं नाही. राग आला की तुमचा चेहरा येतो डोळ्यांपुढे. तेच सांगणार आहे उद्या. सगळ्यांसमोर."

काका कल्पनेतसुद्धा इथवर पोचले नव्हते. त्यांना वाटलं होतं, आपलं फार तर एक लहानसं खोटं, स्वतःच्या आणि देवाच्या मधलं, बायकोच्या नजरेपुरतं. आणि इकडे त्याच्यावर कुणाचं तरी घर उभं राहत होतं! कुठल्या तरी खोलीत एक बाई होती, जिला काकांनी कधी बघितलं नव्हतं, आणि तिच्या आणि या हाताच्या मध्ये काय होतं? तर काकांचं ते ओशाळं हसू. गप्प बसावं. काय बिघडतं? एक बाई मार खात नाही, याहून मोठी साक्ष कुठली? देव तरी काय म्हणणार? आजवर भित्रेपणाने गप्प बसलो, आता चांगल्या कामासाठी गप्प बसावं. पण ते हातातल्या कवळीकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांना भीती वाटायला लागली. तोंडाचा घेतलेला ठसा चुकीचा असला तरी कवळी सुंदर बनते. हातात चकाकते, तोंडात बसतेही. मग थोड्याच दिवसांत हिरडीला जखम होते, आणि माणूस ती काढून फेकून देतो. उद्या याला कुणी सांगितलं, किंवा याने ते चित्र नीट निरखून बघितलं, तर? ज्या दिवशी याला कळेल की आपण फसलो, त्या दिवशी हा घरी गेल्यावर काय करेल? आणि तेव्हा तिथे कोण असेल? इतकी वर्षं काकांच्या तोंडातून वेळेवर शब्द निघाला नव्हता. ते म्हणाले, "मी गाल पुढे केला नव्हता."

"काय?"

"मी मान फिरवली ती लोकांकडे बघायला. कोण कोण बघतंय म्हणून. लाज वाटली रे मला. दुसरी बसेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आणि हसलो ते... तसंच हसतो मी घाबरलो की. मी काही केलं नाही. कधीच काही करत नाही मी."

तरुणाला आधी ते समजेना. तो हसला, पाळकांसारखाच, नम्रता समजून. मग काकांच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याचं हसू उतरत गेलं. "म्हणजे मी येडा?" तो म्हणाला. आवाज चढला. "मी आईच्या पाया पडलो. बायकोसमोर रडलो. मालकाला जाऊन सांगितलं की मीच तो, काढायचं तर काढा. लोक अजून रस्त्यात थुंकतात माझ्याकडे बघून. ते सगळं कशाला? तुम्ही घाबरून दात काढलेत म्हणून?" त्याच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. काकांना दिसलं की उजवा हात मागे गेला. या खेपेला सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं, हाताची मूठ नव्हती, पंजा होता, बोटांच्या मध्ये काळी भेग पडलेली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बघायला कुणी नाही, चित्रण करायला कुणी नाही, 'अरे' म्हणायलाही नाही. पळावं असं फार वाटलं. त्याऐवजी ते टेबलाच्या मागून बाहेर आले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मार. इथे मार. घरी नको."

आणि त्याने मारलं. आधीच्या दोन्हींपेक्षा जोरात. काका फळीवर आदळले, एकदोन जबडे खाली पडून फुटले. ओठ फाटला, तोंडात खारट चव आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते थांबवता येईना. ते सरळ झाले. मान वळवली, दुसरीकडचा गाल पुढे केला आणि डोळे गच्च मिटून घेतले, कारण उघडे ठेवायची छाती नव्हती. ते वाट बघत राहिले. रस्त्यावरची वाहनं ऐकू येत होती. काही झालं नाही. कितीतरी वेळ काही झालं नाही. मग अगदी जवळून आवाज आला, "खूप लागलं?"

"लागलं ना!" काका म्हणाले. रडतच होते. "लागणार नाही तर काय? जीव जातो की काय असं वाटलं."

त्यांनी डोळे उघडले. तो स्वतःच्या पंजाकडे बघत होता, जणू तो कुणीतरी तिथे ठेवून गेलंय. "ती कधी म्हणत नाही," तो म्हणाला. "लागलं म्हणून. कधीच नाही."

"विचारलंस कधी?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग हेल्मेट उचललं आणि दाराकडे निघाला. "कुठे?" काकांनी विचारलं. "घरी," तो म्हणाला, आणि त्या आवाजात काय होतं, राग की आणखी काही, ते काकांना ओळखता आलं नाही. उद्याचा रविवार, पाळकांचे भरलेले डोळे, भाजीची वाटी पुढे करणाऱ्या काकू, सगळं क्षणभर समोर आलं आणि मागे पडलं. "थांब," ते म्हणाले, "मी येतो." तो थांबला. काकांनी ज्योत बंद केली, अंगावरचा प्लास्टरने माखलेला डगला तसाच ठेवून ते त्याच्या मागे स्कूटरवर बसले. जन्मात ते असल्या वाहनावर बसले नव्हते. त्यांनी त्याचे खांदे घट्ट धरले. वळणावर ओठातून रक्ताचा थेंब त्याच्या पाठीवर पडला, तो त्यांनी बाहीने पुसला.

एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर घर होतं. जिन्यात कुणाच्या तरी स्वयंपाकाचा धूर भरलेला. काकांना धाप लागली होती, ते दोन पायऱ्या खाली राहिले. दाराबाहेर लहान मुलीच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. त्याने दार वाजवलं. आत पावलांचा आवाज आला, थबकला. ही त्याची घरी यायची वेळ नव्हती. कडी निघाली. दारात एक सडपातळ बाई उभी राहिली, पिठाने भरलेले हात अंगापासून लांब धरलेले. तिने नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मला तुला एक विचारायचंय," आणि हेल्मेट काढायला त्याने हात वर नेला. त्याबरोबर ती चटकन भिंतीला टेकली, कोपर वर करून तिने तोंड झाकून घेतलं, डोळे मिटले. आवाज नाही, काही नाही. सगळं कसं सराईतपणे.

त्याचा हात तसाच वर राहिला. तो खाली कसा घ्यायचा ते त्याला कळेना.